रेतीत ब्रेक मारायचा नसतो

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे रस्ते नाहीत, असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. रस्ते आहेत, आणि इतक्या जातींचे आहेत की तुमच्याकडे त्यांना नावंसुद्धा नसतील. कोळशाच्या धुळीचा रस्ता, वाघ येऊन बसतो तो रस्ता, अर्धा झालेला आणि अर्धा व्हायचा राहिलेला रस्ता, सागाच्या पानांखाली गाडला गेलेला रस्ता, आणि शेवटी नदीच्या रेतीतून जाणारा रस्ता. वाळवंट बघायला लोक पार राजस्थानात जातात. आमच्याकडे उन्हाळा लागला की नद्याच सुकून वाळवंट होतात, आणि त्यातून रोज माणसं ये-जा करतात. पुण्याकडे गाडी चालवणारा फक्त थांबायला शिकतो. चालवायला शिकायचं असेल त्यानं इकडे यावं.

हे मी छाती काढून बोलते, कारण माझं भद्रावतीत ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्धं गाव माझ्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं आहे. ठाणेदारापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे मला मॅडम म्हणतात आणि चौकात मी दिसले की आपोआप सीटबेल्ट लावतात. तर या एप्रिलात मी माझ्या भाचीबरोबर भद्रावतीहून सिरोंच्याच्याही पुढे जाऊन आले. गाडी तिनं चालवली. मी डाव्या सीटवर बसून होते. बसून होते म्हणजे, बसून राहायचं ठरलं होतं.

माजरी

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विलासची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. नागपुरात शिकून डॉक्टर झाली. आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. निकाल लागला त्या दिवशी विलासनं विहारात सगळ्या वस्तीला जेवण घातलं होतं. तिची पहिली नेमणूक सिरोंचा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर झाली. पक्क्या रस्त्यापासून ते गाव आत जंगलात, आणि मधे एक नदी. प्रज्ञानं ठरवलं, तिथे गाडी ठेवायची आणि स्वतः चालवायची.

विलास माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो. शिडी चढून त्याला आपल्या सीटवर जावं लागतं, एवढा मोठा डंपर. तिथून खाली बघितलं की आपल्यासारख्यांची गाडी त्याला आगपेटीएवढी दिसते, आणि आगपेटीचं काय होतं ते त्यानं बघितलेलं आहे. त्यामुळे लेकीनं स्टिअरिंगला हात लावला की हा किल्ली काढून खिशात घालतो.

"डॉक्टरीन झाली ना बाप्पा, आता डायवर काऊन बनून राह्यली?" तो म्हणाला.

"बाबा, तिथं रात्री-बेरात्री कोण आणून सोडेल मला?"

"मंग जाऊच नोको. मी साहेबाच्या पाया पडतो, बदली करून आणतो."

दोन दिवस घरात हेच. शेवटी मला बोलावणं आलं. मोठी बहीण म्हणून आणि मॅडम म्हणूनही. विलासनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि अट सांगितली.

"बाई, तू संग जाय. तुयी डबल कंट्रोलची गाडी ने. माजरीपासून तिच्या दवाखान्याच्या दारापर्यंत तिनं एकटीनं चालवली, तं थे गाडी मी तुयाकून इकत घेतो, गाडीबी तिची अन् नोकरीबी तिची. पण तुले एक डाव जरी पाय लावा लागला, तं दोघीले वापस आणजो. गाडीलेबी अन् पोरीलेबी."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, त्याला आम्ही डबल कंट्रोल म्हणतो. शिकणारा गोंधळला की आपण दाबायचा. प्रज्ञानं लगेच बापाला शब्द दिला. "कबूल. आत्यानं पाय लावला तर मी परत येते." ती तिच्या आजोबांवर गेली आहे, एकदा बोलली की बोलली. मी मात्र मनातून खूश होते. माझ्या हातची विद्यार्थिनी आहे. मला कशाला पाय लावावा लागतोय!

सकाळी निघालो. कॉलनीच्या फाटकापर्यंत विलास चालत आला आणि त्यानं गाडीच्या चारही चाकांना एकेक लाथ मारून बघितली. हा त्याचा आशीर्वाद.

माजरीचा रस्ता काळा. झाडं काळी, कुत्री काळी, दोरीवरचे पांढरे कपडेही दुपारपर्यंत काळे. लोक नाकं मुरडतात, पण इथल्या कोळशावर कुठल्या कुठल्या शहरातले पंखे फिरतात हे त्यांना कुणी सांगावं? या रस्त्यावर पुढे कोळशाचा टिप्पर ट्रक असला की मागे धुळीचा पडदाच धरला जातो. नवशिक्याला वाटतं, पटकन पुढे काढावी. प्रज्ञानं दिवे लावले, गाडी कडेला घेतली आणि चक्क थांबली.

"काऊन थांबली?" मी विचारलं.

"पडद्यामागं कोण आहे ते दिसू दे."

धूळ खाली बसली तेव्हा समोरून दोन मोटरसायकली बाहेर आल्या, एकीवर नवरा-बायको आणि मधे बाळ. मी खिडकीतून बाहेर बघत हसले.

मोहर्ली

सिरोंच्याला जाताना मोहर्ली वाटेत येत नाही. पण तिथे माझी जुनी विद्यार्थिनी संगीता पर्यटकांची जिप्सी चालवते, आणि तिला भेटल्याशिवाय मला राहवत नाही. ताडोब्याच्या फाटकाशी ती खाकी कपड्यांत उभी असते, मागे पाहुणे कॅमेरे सरसावून बसलेले असतात, आणि ती गिअर असा टाकते की आवाज येत नाही. तिच्या घरी तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी झणझणीत की प्रज्ञाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "डॉक्टरी शिकून पोट्टी लेचीपेची झाली," संगीता म्हणाली आणि तिच्या बशीत आणखी एक पळी ओतली.

मग तिनं प्रज्ञाला जंगलाच्या रस्त्याचा धडा दिला. "जनावर रस्त्यावर असलं तं रस्ता त्याचा. हॉर्न नाई, उतरणं नाई. अन् मागं घ्याले जागा ठेवून थांबजो."

धडा लगेच कामाला आला. मोहर्लीहून चंद्रपूरकडे येताना वळणावर मोहाचं झाड होतं आणि त्याखाली एक अस्वल. एप्रिलात मोहफुलं टपटप गळतात आणि अस्वलांची चंगळ होते. अर्धं अस्वल रस्त्यावर, अर्धं झाडाखाली, तोंड खाली घालून भराभर फुलं वेचत होतं. प्रज्ञा बरीच अलीकडे थांबली. इंजिन चालू, रिव्हर्स गिअर टाकून पाय क्लचवर. तेवढ्यात मागून एक मोठी चकचकीत गाडी आली. एमएच बारा. तिनं हॉर्न दिला, मग बाजूनं पुढे निघाली, आणि एक गृहस्थ मोबाइल घेऊन दार उघडून खाली उतरू लागले.

प्रज्ञानं काच अर्धी खाली केली. आवाज चढवला नाही. "काका, आत बसा. चावलं तर टाके मलाच घालावे लागतील, आणि माझं सामान अजून उघडलेलं नाही."

काका आत बसले. अस्वलानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि निवांतपणे झुडपात गेलं. पुण्याची गाडी पुढे चंद्रपूरपर्यंत आमच्या मागेमागे आली, एकदाही ओव्हरटेक न करता. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आष्टी ते आलापल्ली

चंद्रपूर सोडलं, गोंडपिपरी गेली, वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीला आलो. इथे एका खानावळीत वांगे-झिंगे मिळतात. सुकवलेले छोटे झिंगे वांग्यात घालून तिखट रस्सा, आणि शेजारी भाताचा डोंगर. चंद्रपूरकडच्या माणसाला परदेशात सोडलं तरी तो आधी वांगे-झिंगे कुठे मिळतात ते विचारील. वाढणाऱ्या बाईंनी खिडकीतून गाडीवरचा लाल 'एल' बघितला.

"कोण चालवून राह्यलं वो गाडी?"

"ही. माही भाची. डॉक्टरीन हाय."

"अन् तुमी काय करून राह्यल्या?"

"मी हिच्या बापाचा जीव मांडीवर घेऊन बसली हावो."

बाई मोकळेपणानं हसल्या आणि आम्हाला आणखी झिंगे वाढले.

आष्टीच्या पुढे रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांचा. ओळीनं येतात, ओळीनं जातात. सकाळी आमची गाडी काळी झाली होती, आता त्यावर लाल चढला. इथला नियम वेगळा: एक ट्रक गेला म्हणून रस्ता मोकळा झाला असं समजायचं नाही, त्याच्या पाठीला दुसरा चिकटलेला असतो. माझा पाय या रस्त्यावर पहिल्यांदा वळवळला. समोरचा ट्रक अंगावर आल्यासारखा वाटला की वीस वर्षांची सवय पायात जागी होते. मी चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. प्रज्ञानं तिरक्या नजरेनं बघितलं.

"आत्या, गुडघे दुखतील."

"दुखू दे. तू समोर पाह्य."

मुक्काम आलापल्लीला, एका ओळखीच्या वनरक्षकाच्या घरी. सकाळी आजूबाजूचे साग बघत चहा घेतला. एकेक झाड असं सरळ की माझ्या विद्यार्थ्यांनी त्याकडे बघून गाडी सरळ चालवायला शिकावी.

सिरोंच्याकडे

आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंतचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी भेटतो. मधेच सिमेंटचा नवाकोरा पट्टा, इतका गुळगुळीत की गाणं म्हणावंसं वाटतं. गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत पट्टा संपतो आणि वीतभर खाली गिट्टी. त्यामुळे चांगल्या रस्त्यावरच जास्त सांभाळावं लागतं. प्रज्ञा पट्ट्याच्या शेवटाआधीच वेग उतरवायची, गिट्टीवर स्टिअरिंग हलकं धरायची, गाडीला आपली वाट शोधू द्यायची. हे मी तिला शिकवलेलं नाही. भद्रावतीत गिट्टी आहे कुठे एवढी? ती रस्त्याकडूनच शिकत होती.

उमानूरच्या अलीकडे धूर आला. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करतात, त्याचा धूर रस्त्यावर पसरतो. आणि त्या धुरात माणसं असतात. बायका, म्हातारी, शेंबडी पोरं, सगळी टोपल्या घेऊन खाली वाकलेली. डोळे फुलांवर, गाडीकडे लक्ष नाही. प्रज्ञानं काच खाली केली, रेडिओ बंद केला आणि माणसांच्या आवाजावर कान ठेवून चालत्या माणसाच्या वेगानं गाडी नेली. पलीकडे मोकळ्या हवेत एक गोंड आजी टोपली टेकवून बसल्या होत्या. आम्ही थांबलो. "जोहार," त्या म्हणाल्या. "जोहार," आम्ही. प्रज्ञानं पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी उलट आपल्या तुंब्याकडे बोट दाखवलं. "येर," म्हणजे पाणी. भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी असं गार होतं की आमच्या बाटलीची मला लाज वाटली. निघताना आजींनी मूठभर मोहफुलं प्रज्ञाच्या ओढणीत टाकली. दिवसभर गाडीत तोच गोड, थोडा आंबूस वास.

सिरोंच्यापर्यंत येता येता मराठी दमते आणि तेलुगू तिचा हात धरते. दुकानाच्या पाट्या दोन लिप्यांत, माणसं तीन भाषांत. जेवायला भात, चिंचेचं पातळ चारू, गोदावरीचा मासा. भद्रावतीत मासा म्हटलं की आम्ही तळ्यातला म्हणतो, इथे नदीतला. वाढणाऱ्या अम्मांनी प्रज्ञाच्या पाठीवरून हात फिरवला. "तिन्नावा बिड्डा?" जेवलीस का पोरी? ती डॉक्टर म्हणून इकडेच राहणार आहे असं कळल्यावर त्यांनी ताटात दुसरा मासा घातला आणि आपला गुडघा पुढे करून दाखवला. पहिली तपासणी खानावळीतच झाली.

आता उरली ती नदी.

नदी

मुख्य रस्ता सोडून जंगलातून आत गेलो. सागाच्या वाळक्या पानांनी वाट दिसेनाशी झालेली. प्रज्ञा आधीच्या चाकोरीत चाकं ठेवून जात राहिली. मग झाडं संपली आणि पुढ्यात नुसती रेती. पांढरी, रुंद, उन्हानं डोळे मिटायला लावणारी. पाण्याची एक बारीक धार पलीकडच्या काठाला, तिच्याजवळ एक डोह. पूल नाही. पण रस्ता होता! रेतीवर गाडीच्या रुंदीचा, तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा.

हा रस्ता पलीकडचं गाव दरवर्षी होळीनंतर बांधतं. प्रत्येक घर आपल्या वाटणीचं तनीस आणतं, खाली शिंदीच्या फांद्या, वर तनीस, वर पाणी मारून रेती. पहिल्या पावसात वाहून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा बांधतात. हे आम्हाला काठावर जाळं विणत बसलेल्या पोचमभाऊंनी सांगितलं. त्यांनी गावाचा एक नियमही सांगितला. "ज्याची गाडी फसन, त्यानं मोडलेला रस्ता बांधल्याबिगर जाचं नाई. आमदार असो का कोणी असो."

"आत्ता जाऊ शकतो?" प्रज्ञानं विचारलं.

"आता रेती तपली हाय, पोकळ झाली. जरा ऊन उतरू द्या."

आम्ही थांबलो. प्रज्ञानं तेवढ्या वेळात सगळा रस्ता पायी चालून बघितला, कुठे मऊ, कुठे कडक. परत येऊन चाकांतली हवा थोडी कमी केली. मी शिकवलेलं सगळं तिनं मोठ्यानं म्हणून दाखवलं. "दुसरा गिअर. एकसारखा वेग. स्टिअरिंग झटकायचं नाही. आणि रेतीत ब्रेक मारायचा नसतो, वेग आपोआप मरतो."

"शाब्बास," मी म्हटलं.

ऊन कललं, आम्ही निघालो. मी मांडी सोडली होती, कारण खरंच गुडघे दुखत होते. गाडी छान चालली होती. तनीस चाकांखाली खसखस वाजत होतं. अर्ध्याच्या पुढे गेलो आणि मऊ जागेत गाडीचा मागचा भाग जरासा घसरला, डोहाच्या बाजूला. जरासाच. प्रज्ञानं अलगद सावरलाही. पण मला खिडकीतून पाणी चमकताना दिसलं.

आणि माझा पाय गेला.

गाडी नाक खुपसून थांबली. पुढच्या चाकांपुढे रेतीचा ढीग, चाकं अर्धी आत. इंजिन बंद पडलं. बाहेर कुठेतरी टिटवी ओरडत होती.

"आत्या," प्रज्ञा म्हणाली.

मी पायाकडे बघत होते.

"मी ब्रेक नाही मारला."

"माहीत आहे."

"मग कोणी मारला?"

हा प्रश्न वीस वर्षांत मी किती विद्यार्थ्यांना विचारला असेन! आणि आता मलाच कुणीतरी विचारत होतं. मला स्वतःचा असा संताप आला की मी दार उघडून तरातरा खाली उतरले, डिकीतून जॅक काढला आणि खाली फळी न ठेवता तसाच रेतीवर लावला. हीसुद्धा माझ्याच विद्यार्थ्यांना मी केलेली मनाई. जॅक कलंडला आणि उजव्या हाताची बोटं त्याखाली आली.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते, कारण ती माझ्या शोभेची नाही. पोचमभाऊंनी हाक दिली, गावातली माणसं आली, गाडी उचलून बाहेर काढली. नव्या डॉक्टरनं माझ्या बोटांना टाके घातले, गाडीच्या बॉनेटवर सामान मांडून. या गावातली तिची पहिली पेशंट मीच. मग हात धुऊन ती तनसाचे भारे आणायला गावात गेली. मोडलेला रस्ता बांधायचा होता ना! बायका म्हणाल्या, डॉक्टरीनबाई, राहू द्या. तिनं ऐकलं नाही. ओढणी कमरेला खोचून शिंदीच्या फांद्या अंथरल्या, तनीस टाकलं, घागरीनं पाणी ओतलं. पोचमभाऊ शेजारी उभे राहून सांगत होते, आडवं नाई, उभं टाका. अंधार पडायच्या आत सगळ्या गावाशी तिची ओळख झाली होती. मी हाताला पांढरं बोचकं बांधून काठावर बसले होते.

संध्याकाळी तिच्या क्वार्टरमध्ये भात खाताना मी म्हटलं, "विलासला यातलं काही सांगायची गरज नाही. चूक माझी."

"चूक तुझी, पण पाय लागला." तिनं भात कालवणं थांबवलं नाही. "मी शब्द दिला आहे आत्या. तू बाबांना खरं ते सांग. ते म्हणतील तसं करू."

"म्हणजे परत जाशील?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि या वेळी तर्री कुठेच नव्हती. मला तिचा राग आला, विलासचा आला, सर्वात जास्त माझ्या उजव्या पायाचा आला. फोनला रेंज फक्त नदीकाठी येत होती. उद्या सकाळी बोलू, म्हणून मी तो विषय ढकलला.

सकाळ

सकाळी चहा ओठाला लावत होतो तोच चार माणसं एका खाटेवर मल्लेश नावाच्या माणसाला घेऊन आली. ताडाच्या झाडावरून पडला होता. मांडीचं हाड मोडलेलं. प्रज्ञानं तपासलं, इंजेक्शन दिलं, बांबूच्या कामट्या लावून पाय सरळ बांधला. दवाखान्याची गाडी पहाटेच दुसऱ्या पेशंटला घेऊन अहेरीला गेली होती. याला सिरोंच्याला न्यायला हवं होतं.

एरवी मी चालवली असती आणि डॉक्टर पेशंटजवळ बसली असती. पण माझ्या उजव्या हातात स्टिअरिंग काय, चहाचा कपसुद्धा धरवत नव्हता. प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. डावी सीट तिनं पार मागे पाडली, त्यावर गोधडी घातली आणि मल्लेशला तिथे लांब निजवलं. मागे उरलेल्या जागेत नर्स बसली. माझ्यासाठी जागा उरली नाही.

मी नदीपर्यंत गाडीबरोबर चालत गेले. खिडकीतून सांगायला लागले, "दुसरा गिअर, आणि..."

"आत्या, माहीत आहे."

"हिसका बसला तर त्याचं हाड..."

"आत्या."

मी खिडकीवरचा हात काढून घेतला. मल्लेशची बायको माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं माझा डावा हात घट्ट धरला. गाडी रेतीत उतरली. सकाळची रेती थंड आणि दाट होती. गाडी हळूही नाही, जोरातही नाही, एका लयीत चालली. तिनंच बांधलेला तुकडा आला. इथेच मागचा भाग घसरला होता. माझा पाय जमिनीवर होता तरी दाबला गेला. गाडी जराशी तिरकी झाली, तिनं स्टिअरिंग थोडंसं सोडलं, गाडी आपोआप सरळ झाली आणि पुढे गेली. मल्लेश ओरडला नाही. मी कान देऊन ऐकत होते, तो एकदाही ओरडला नाही. गाडी पलीकडच्या काठावर चढली, ब्रेकचा लाल दिवा एकदा लागला, पक्क्या जमिनीवर, आणि सागांत दिसेनाशी झाली.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी आयुष्यात शेकडो माणसांना गाडी शिकवली, पण अशी गाडी चालताना मी कधी बघितली नव्हती, कारण मी नेहमी गाडीच्या आतच असायची. मल्लेशच्या बायकोनं तेलुगूत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. पोचमभाऊ म्हणाले, "कोणाची पोरगी हाय, विचारून राह्यली."

"माझी," मी म्हटलं.

मग तिथेच काठावर बसून विलासला फोन लावला. काही लपवलं नाही. ऊन उतरेपर्यंत थांबल्याचं सांगितलं, डोह सांगितला, माझा पाय सांगितला, जॅकही सांगितला. पोरीनं रस्ता बांधला ते सांगितलं. आत्ता ती मोडक्या मांडीच्या माणसाला घेऊन रेतीतून एकटी गेली, आणि त्या माणसाला एक हिसका बसला नाही, हेही सांगितलं. अट मोडली ती मी मोडली, आता तू म्हणशील ते, असं म्हणून मी थांबले.

त्याच्या मागे खाणीतला डंपर घरघरत होता.

"पेशंट वरडला नाई?" त्यानं विचारलं.

"नाई."

"एक डावबी?"

"एक डावबी नाई रे."

पुन्हा डंपर घरघरला. मग विलासनं विचारलं.

"बाई, गाडी तं पोरीची झाली. मंग तू घरी कशानं येशीन?"

"एस्टीनं," मी म्हटलं.